घडीचा मोबाइल : सोय की नवलाई?

मोठी वस्तू लहान जागेत मावावी आणि हवी तेव्हा ती पुन्हा मोठी व्हावी, ही मनुष्याची इच्छा फार जुनी आहे. छत्री, हातपंखा, घडीची खुर्ची, प्रवासात बरोबर नेण्याची खाट या वस्तू त्या इच्छेतूनच जन्माला आल्या. परंतु घडीची कोणतीही वस्तू फुकट मिळत नाही, हेही तितकेच जुने सत्य आहे. लांब दांड्याची काळी छत्री पिशवीत मावत नाही, पण एक पिढी टिकते. तीन घड्यांची छत्री पिशवीत मावते, पण तिची एखादी काडी दुसऱ्या पावसाळ्यातच निखळते. दोन्ही छत्र्या उपयोगी आहेत. कोणती घ्यावी हे घेणाऱ्याच्या गरजेवर ठरते.

गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न मोबाइल फोनच्या बाबतीत उभा राहिला आहे. पडदा मधोमध दुमडता येईल असे स्मार्टफोन २०१८ च्या अखेरीपासून बाजारात आले. त्यांपैकी महागड्या फोनची किंमत आपल्या देशात दीड लाख रुपयांच्याही वर जाते. असा फोन खरोखर उपयोगाचा आहे, की दुकानातील काचेच्या कपाटात शोभणारी ती एक नवलाई आहे, हे ठरविण्याकरिता त्याची रचना, त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा समजून घेणे अवश्य आहे.

हा विषय राजधानीच्या परिसराला विशेष जवळचा आहे. दिल्लीच्या सीमेला लागून असलेल्या नोएडा येथील ८१ व्या सेक्टरमध्ये सॅमसंग कंपनीच्या विस्तारित मोबाइल कारखान्याचे उद्घाटन ९ जुलै २०१८ रोजी भारताचे पंतप्रधान व दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यांच्या उपस्थितीत झाले. वर्षाला ६ कोटी ८० लाख फोन तयार करण्याची तेथील क्षमता १२ कोटींपर्यंत वाढविण्याची ती योजना होती. या कंपनीचे भारतात विकले जाणारे घडीचे फोन याच कारखान्यात जुळविले जातात. म्हणजे ज्या वस्तूची चर्चा येथे करावयाची आहे, ती आता केवळ परदेशातून येणारी अपूर्वाई राहिलेली नाही.

घडी कशाची?

मराठीत छत्री मिटते, कागद दुमडतो आणि कापडाची घडी होते. हे शब्दभेद या विषयात उपयोगी पडतात. मिटणारा फोन मुळीच नवा नाही. मोटोरोला कंपनीचा स्टारटॅक हा डबीसारखा मिटणारा फोन १९९६ साली निघाला, आणि त्याच कंपनीचा रेझर २००४ नंतर जगभर खपला. परंतु त्या फोनचा पडदा बिजागरीच्या एकाच बाजूस असे व दुसऱ्या बाजूस बटणे असत. बिजागरी फिरे, पडदा मात्र जागचा हलत नसे. आजच्या फोनमध्ये खुद्द पडदा बिजागरीवरून आरपार जातो आणि फोन मिटताना तोही दुमडतो. सर्व नावीन्य व सर्व अडचणी या एका गोष्टीत साठविलेल्या आहेत.

अशा फोनचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला पुस्तकासारखा उभ्या घडीवर उघडतो. मिटलेला असताना तो नेहमीच्या फोनएवढा असतो व उघडल्यावर लहान पाटीएवढा होतो. दुसरा डबीसारखा आडव्या घडीवर मिटतो. उघडलेला असताना तो नेहमीच्या फोनएवढा असतो व मिटल्यावर निम्मा होतो. पहिल्याची घडी पडदा वाढविण्याकरिता आहे, दुसऱ्याची खिशातील जागा वाचविण्याकरिता. दोहोंचा विचार एकत्र केल्यास पुष्कळ गोंधळ होतो, म्हणून हा भेद प्रारंभीच लक्षात ठेवावा.

काच वाकते कशी?

काच ठिसूळ असते हे आपण लहानपणापासून पाहतो. मग ती दुमडते कशी? याचे उत्तर जाडीत आहे. कोणतीही पट्टी वाकविली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते व आतली बाजू दाबली जाते. मधला एक थर मात्र ना ताणला जातो ना दाबला जातो. बाहेरच्या बाजूचा ताण किती, हे एका सोप्या नियमाने काढता येते. पट्टीच्या जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागावे, म्हणजे ताणाचे प्रमाण मिळते.

समजा, वळणाची त्रिज्या दीड मिलिमीटर आहे. ०.७ मिलिमीटर जाडीची काच या वळणावर वाकवू गेल्यास तिचा पृष्ठभाग सुमारे २३ टक्के ताणला जावा लागेल. काच त्याच्या कितीतरी आधी फुटेल. पण काचेची जाडी ०.०३ मिलिमीटर म्हणजे ३० मायक्रॉन केली, तर तोच ताण १ टक्क्यावर येतो. रासायनिक प्रक्रियेने बळकट केलेली, पृष्ठभागावर ओरखडा नसलेली काच एवढा ताण सोसू शकते. अशी तीस मायक्रॉनची काच २०२० मध्ये निघालेल्या गॅलेक्सी झेड फ्लिप या फोनमध्ये वापरण्यात आली. त्यापूर्वीच्या पडद्यांवर केवळ प्लॅस्टिकचे आवरण असे.

पडद्याचा प्रकाश देणारा भागही वाकणारा हवा. जुन्या पडद्यांत मागून दिवा लावावा लागे. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक या संशोधकांनी सेंद्रिय पदार्थांच्या अत्यंत पातळ थरांतून वीज सोडून प्रकाश मिळविण्याची कार्यक्षम रीत प्रसिद्ध केली. त्या रीतीतून जे पडदे पुढे विकसित झाले, त्यांना मागच्या दिव्याची गरज नाही. त्यांचे थर पॉलिइमाइड नावाच्या, उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर चढविता येतात. घडीच्या फोनचा पाया हाच आहे.

तरीही हे सर्व थर एकमेकांना घट्ट चिकटविले तर पडदा पुन्हा जाड पट्टीसारखा वागेल. दोनशे पानांची वही सहज वाकते, कारण तिची पाने एकमेकांवरून सरकतात; तीच पाने खळीने चिकटविली तर पुठ्ठा तयार होतो. म्हणून पडद्याचे थर जोडण्याकरिता मऊ व लवचीक चिकटद्रव्य वापरतात, जेणेकरून प्रत्येक थर किंचित सरकू शकेल आणि नाजूक थर शक्यतो त्या ताणरहित मध्यपातळीजवळ राहील.

एवढे करूनही घडीच्या जागी एक बारीक वळ दिसतो व बोटाला लागतो. याचे मर्म आपल्या घरातील पैठणीवरून चांगले समजेल. जरीचे वस्त्र वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवले तर ते त्या रेषेवर चिरते. म्हणून जाणत्या गृहिणी अधूनमधून घडी मोडून ती दुसऱ्या जागी घालतात. फोनच्या बाबतीत ही युक्ती करता येत नाही. त्याची घडी जन्मभर एकाच रेषेवर पडावयाची असते. म्हणून अलीकडच्या बिजागऱ्या अशा बनवितात की, फोन मिटल्यावर पडदा आत पाण्याच्या थेंबासारखा गोलसर वळण घेतो. वळणाची त्रिज्या वाढली की वरच्या नियमानुसार ताण कमी होतो व वळही पुसट होतो.

पहिला प्रयत्न व त्यातील धडा

बाजारात आलेला असा पहिला फोन शेन्झेन येथील रोयोल कंपनीचा फ्लेक्सपाय होय. तो २०१८ च्या अखेरीस निघाला. ती कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोर ठरली. पाठोपाठ २० फेब्रुवारी २०१९ रोजी सॅमसंगने गॅलेक्सी फोल्ड जाहीर केला व तो एप्रिलच्या अखेरीस विक्रीला काढण्याचे ठरविले. परंतु परीक्षणासाठी पत्रकारांना दिलेल्या काही फोनचे पडदे थोड्याच दिवसांत बिघडले. कोणी पडद्यावरचे आवरण हा वेष्टनाचा कागद समजून सोलून काढले. वस्तुतः तो पडद्याचाच आवश्यक भाग होता. काही फोनमध्ये बिजागरीच्या फटीतून कण आत शिरले. कंपनीने विक्री पुढे ढकलली, आवरणाच्या कडा चौकटीखाली नेल्या, फटी झाकल्या आणि सप्टेंबर २०१९ मध्ये फोन कोरियात विकावयास आणला. भारतात तो ऑक्टोबरमध्ये १,६४,९९९ रुपयांस मिळू लागला.

या फोनचा पडदा प्रयोगशाळेतील यंत्राने दोन लाख वेळा मिटून पाहिला होता. दिवसातून शंभर वेळा फोन उघडला तर दोन लाख घड्यांस सुमारे साडेपाच वर्षे लागतात. म्हणजे आकडा काही लहान नव्हता. मात्र यंत्र घडी घालते ती नेहमी सरळ, स्वच्छ आणि एकाच गतीने. यंत्राला खिसा नसतो, खिशात वाळूचे कण नसतात आणि यंत्र कुतूहलाने आवरण सोलून पाहत नाही. प्रयोगशाळेतील परीक्षा आवश्यक असते, पण ती जीवनातील सर्व परीक्षांची जागा घेऊ शकत नाही, हा धडा विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्यानंतरची प्रगती मात्र मान्य केली पाहिजे. २०१९ च्या फोल्डचे वजन २७६ ग्रॅम होते. जुलै २०२५ मध्ये आलेल्या फोल्ड ७ चे वजन २१५ ग्रॅम आहे, म्हणजे त्याच कंपनीच्या त्या वर्षीच्या न मिटणाऱ्या सर्वांत मोठ्या फोनपेक्षाही थोडे कमी. मिटलेल्या स्थितीतील जाडी १५ मिलिमीटरहून अधिक होती, ती ८.९ वर आली. नव्या पडद्याची परीक्षा पाच लाख घड्यांपर्यंत करण्यात आली. पण ती २५ अंश सेल्सियस तापमानात झाली, हेही ध्यानात ठेवावे. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत २९ मे २०२४ रोजी ४६.८ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि चिकटद्रव्ये उष्णतेने मऊ होतात व थंडीने ताठरतात.

दिल्लीची धूळ

पाणी व धूळ यांपासून यंत्राचे संरक्षण किती आहे, हे सांगण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक लिहितात. पहिला अंक घन कणांविषयी असतो व दुसरा पाण्याविषयी. पहिला अंक ६ असल्यास धूळ मुळीच आत जात नाही. तो ४ असल्यास एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठे कण आत जात नाहीत, एवढेच आश्वासन असते. अंकाऐवजी ‘एक्स’ असल्यास ती परीक्षा नोंदविलेली नाही असे समजावे.

सॅमसंगच्या २०२१ च्या फोल्ड ३ ला ‘एक्स ८’ ही श्रेणी होती. म्हणजे पाण्यापासून उत्तम संरक्षण, पण धुळीविषयी मौन. २०२४ च्या फोल्ड ६ ला व २०२५ च्या फोल्ड ७ ला ‘४८’ ही श्रेणी मिळाली. आता दिल्लीच्या हवेकडे पाहू. वैशाख-ज्येष्ठात राजस्थानकडून येणारी आंधी या शहरावर जी माती आणून टाकते, तिचा बहुतेक भाग एक मिलिमीटरहून पुष्कळ बारीक असतो. ज्या सूक्ष्म कणांची चर्चा दर हिवाळ्यात वृत्तपत्रांतून होते, ते तर अडीच मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान असतात. एक मिलिमीटर म्हणजे अशा चारशे कणांची रांग. ‘४८’ या श्रेणीतील चार हा अंक या धुळीविषयी काहीच हमी देत नाही. बिजागरीत नायलॉनच्या तंतूंचे बारीक ब्रश बसवून कण झाडण्याची युक्ती काही फोनमध्ये केलेली आहे व ती उपयोगी आहे. पण झाडणे वेगळे आणि दार बंद करणे वेगळे.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगल कंपनीने ‘६८’ श्रेणीचा घडीचा फोन जाहीर केला. धुळीपासून पूर्ण संरक्षण असलेला हा या जातीतील पहिला फोन म्हणून जाहीर झाला. यावरून असे दिसते की, ही अडचण निसर्गनियमाने घातलेली नाही. ती रचनेची आहे आणि रचनेनेच सुटू शकते. बांधकामावर काम करणाऱ्या अभियंत्याने किंवा दुचाकीवरून दिवसभर हिंडणाऱ्या मनुष्याने फोन घेताना हा पहिला अंक किमतीच्याही आधी पाहावा.

मोठ्या पडद्याचा हिशोब

पडदा दुप्पट होतो असे जाहिरातीत म्हणतात, आणि ते खरेही आहे. फोल्ड ७ चा बाहेरचा पडदा सुमारे १५ चौरस इंच आहे व आतला सुमारे ३२. परंतु क्षेत्रफळ दुप्पट होणे आणि उपयोग दुप्पट होणे या भिन्न गोष्टी आहेत. आतला पडदा जवळजवळ चौरस आहे. चित्रपटाची चौकट रुंद असते. त्यामुळे चित्रपट लावला की वर व खाली काळे पट्टे येतात आणि ३२ पैकी सुमारे २० चौरस इंचच कामी येतात. पावणेसात-सात इंचांच्या साध्या मोठ्या फोनवर तोच चित्रपट सुमारे १५ चौरस इंच जागा घेतो. फरक आहे, पण तो दीडपटीहूनही कमी आहे.

वाचनाची गोष्ट वेगळी आहे. मराठीतील असंख्य जुनी पुस्तके आज छायाप्रतीच्या रूपाने उपलब्ध आहेत. छायाप्रतीत अक्षर मोठे केले तर ओळ पडद्याबाहेर जाते. म्हणून पूर्ण पान एकदम दिसणे महत्त्वाचे असते. साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच अशा डेमी आकाराचे पान घ्या. फोल्डच्या बाहेरच्या पडद्यावर ते मूळ आकाराच्या ४७ टक्के दिसते आणि १२ पॉइंटचा टाइप साडेपाच पॉइंटांच्या जवळपास येतो. देवनागरीत मात्रा, रफार व अनुस्वार वर आणि उकार खाली असतात. एवढ्या लहान अक्षरांत ते ओळखणे कष्टाचे होते. आतल्या पडद्यावर तेच पान ७० टक्के दिसते व टाइप सव्वाआठ-साडेआठ पॉइंटांचा होतो. हे अक्षर बारीक खरे, पण वाचता येते. मेट्रोत एका हाताने दांडी धरून उभ्या असलेल्या प्रवाशाला, किंवा हिशोबाचा तक्ता व नकाशा वारंवार पाहणाऱ्या मनुष्याला हा लाभ प्रत्यक्ष आहे. त्याला नवलाई म्हणून उडवून लावणे न्याय्य होणार नाही.

मात्र अकरा इंची साध्या टॅबलेटवर हेच पान जवळजवळ मूळ आकारात दिसते. घडीच्या फोनचा खरा गुण मोठा पडदा हा नसून मोठा पडदा खिशात मावणे हा आहे. ज्याला खिशाची अट नाही, त्याला त्या गुणाचे मोल देण्याचे कारण नाही.

किंमत व दुरुस्ती

घडीची किंमत किती? भारतात फोल्ड ७ ची प्रारंभीची किंमत १,७४,९९९ रुपये होती. त्याच कंपनीच्या त्याच वर्षीच्या सर्वांत मोठ्या साध्या फोनची प्रारंभीची किंमत १,२९,९९९ रुपये होती. म्हणजे ४५,००० रुपये घडीपायी मोजावे लागत होते, आणि त्या रकमेत चांगला टॅबलेट येतो. शिवाय साध्या फोनमधील विद्युत्‌घटाची क्षमता ५,००० मिलिअँपिअर-तास आहे, तर घडीच्या फोनमधील ४,४००. फोन बारीक करण्यासाठी फोल्ड ७ मधून लेखणीची सोयही काढून टाकण्यात आली. डबीसारखे मिटणारे फोन स्वस्त असतात. मोटोरोलाचा रेझर ४० हा जुलै २०२३ मध्ये भारतात ५९,९९९ रुपयांस आला होता.

खरेदीपेक्षाही दुरुस्तीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. दिल्लीतील करोल बागेचे गफ्फार मार्केट किंवा नेहरू प्लेस येथील कारागीर साध्या फोनचा पडदा पाहता पाहता बदलून देतात. ही कला या देशाची मोठी संपत्ती आहे. तिच्यामुळेच एक फोन घरातील तीन माणसांच्या हातून फिरतो. घडीच्या फोनचा आतला पडदा, त्याची चौकट आणि बिजागरी या एकमेकांशी इतक्या निगडित असतात की, ते काम बहुधा कंपनीच्या केंद्रातच करावे लागते, आणि त्याच्या खर्चात एक नवा साधा फोन येऊ शकतो. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी एक समिती नेमली. पुढे दुसऱ्या एका समितीने मे २०२५ मध्ये वस्तूंना दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक द्यावा, असा अहवाल सादर केला. असा निर्देशांक फोनच्या खोक्यावर छापला गेला तर ग्राहकाला घडीची खरी किंमत दुकानातच कळेल.

निर्णय कसा करावा?

जुलै २०२५ मध्ये सॅमसंगचे तीन नवे घडीचे फोन जाहीर होताच भारतात पहिल्या ४८ तासांत २ लाख १० हजार मागण्या नोंदल्या गेल्या, असे कंपनीने सांगितले. आकडा मोठा वाटतो. पण या देशात वर्षाला सुमारे १५ कोटी स्मार्टफोन विकले जातात. साऱ्या जगाचा हिशोब केला तर २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर शंभर स्मार्टफोनपैकी घडीचे फोन दोनही नव्हते. सहा वर्षांनंतरही ही वस्तू थोड्यांचीच राहिली आहे. मात्र थोड्यांची म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही, आणि नवी म्हणून सर्वांना आवश्यकही ठरत नाही.

आपल्यापुरता निर्णय करण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. आपले काम पूर्ण पान, नकाशा किंवा तक्ता पाहण्याचे आहे काय, आणि ते उभ्याउभ्या, प्रवासात करावे लागते काय? आपण ज्या हवेत वावरतो तिच्यातील धूळ सोसण्याची श्रेणी त्या फोनला आहे काय? आणि त्याचा पडदा उद्या फुटला तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च आपल्याला झेपेल काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असलेल्या मनुष्याला घडीचा फोन सोयीचाच वाटेल. एकही उत्तर नकारार्थी असेल, तर ती नवलाई दुकानातच पाहून परत यावे.

शाळा व ग्रंथालये यांच्या बाबतीत उत्तर आजच देता येते. तेथील वस्तू अनेक हातांतून जातात, टेबलावर ठेवून वापरावयाच्या असतात आणि जवळच्या कारागिराकडून दुरुस्त होणे आवश्यक असते. एका घडीच्या फोनच्या किमतीत पंधरा-वीस हजारांचे आठ-दहा टॅबलेट येतात व तितकी मुले एकाच वेळी वाचू शकतात. परंतु घडीच्या फोनचा अभ्यास मात्र शाळेने अवश्य करावा. जाडी निम्मी केली की ताण निम्मा होतो, हा नियम कागदाच्या, पुठ्ठ्याच्या आणि पोलादी पट्टीच्या साहाय्याने वर्गात पडताळून पाहता येतो. त्यासाठी दीड लाख रुपये लागत नाहीत. एक वही आणि थोडी खळ पुरते.